दहानंतरची गाणी

रात्री दहाला स्पीकर बंद झाला आणि निम्मं गाव घरी गेलं. खरा कार्यक्रम त्यानंतर सुरू झाला.

मे महिन्याचा मधला आठवडा होता. मुळशी तालुक्यातल्या एका गावची बौद्धवस्ती. समाजमंदिरासमोर मांडव, निळे झेंडे, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, आणि त्यांच्या शेजारी हार घातलेला तिसरा फोटो वामनदादा कर्डकांचा. १५ मे हा दादांचा स्मृतिदिन. एका मैत्रिणीचं माहेर त्या वस्तीत आहे, तिच्यासोबत मी गेले होते. आम्ही मागे, बायकांच्या सतरंजीवर बसलो होतो.

कार्यक्रम ठरल्याप्रमाणे सुरू झाला. त्रिसरण-पंचशील, पाहुण्यांचे सत्कार, शाल, पुष्पगुच्छ, मग भाषणं. प्रत्येक वक्त्यानं ‘मी फार वेळ घेणार नाही’ असं म्हणून भरपूर वेळ घेतला. पावणेनऊला गायन पार्टी उभी राहिली. हार्मोनियम, ढोलकी, बँजो, ऑक्टोपॅड, एक मुख्य गायक आणि कोरसला दोघं. पार्टी चांगली होती, गायकाचा गळा तयार होता. आम्ही टाळ्या वाजवल्या, पोरांनी मोबाइल वर करून व्हिडिओ काढले, काहींनी गायकावर दहा-दहाच्या नोटा ओवाळल्या. दहा वाजता संयोजकांपैकी एक दादा माइकवर आला. ‘नियमाप्रमाणे स्पीकर बंद करावा लागतोय, सर्वांना सप्रेम जय भीम.’ पार्टीनं वायरी गुंडाळल्या, टेम्पो निघून गेला.

चाळीसेक माणसं मागे राहिली. काही भांडी आवरायला, काही नुसतीच. माझ्या शेजारी बसलेली एक आजी म्हणाली, ‘आरं, दादांचं ते गाणं राह्यलंच की.’

‘कोणतं गं, आज्जे?’

तिनं नाव सांगितलं नाही, गायलाच सुरुवात केली. आवाज खालचा, थोडा फाटलेला. पहिली ओळ तिची एकटीची होती. दुसरीला चार बायका होत्या. ध्रुवपद परत आलं तेव्हा मांडवात जेवढे होते तेवढे सगळे गात होते. कुणीतरी वस्तीतली ढोलकी काढून आणली. रात्री एकपर्यंत हे चाललं.

नाटकाचं परीक्षण होतं, सिनेमाचं होतं, शास्त्रीय मैफलीचंही होतं. भीमगीतांच्या रात्रीचं होत नाही. फार तर स्थानिक पेपरात ‘कार्यक्रम उत्साहात संपन्न’ अशी चार ओळींची बातमी येते. खरं तर महाराष्ट्रात वर्षभरात गाण्याच्या जेवढ्या रात्री होतात, त्यातल्या कितीतरी अशाच वस्त्यांमध्ये, अशाच मांडवांत होतात. म्हणून या एका रात्रीकडे, इतर कुठल्याही कलाकृतीकडे बघावं तसं बघायचं ठरवलं. काय साधलं, कशामुळे साधलं आणि काय राहून गेलं?

अक्षरं उशिरा भेटलेला कवी

ज्यांनी वामनदादांचं नाव फक्त रील्सच्या खालच्या हॅशटॅगमध्ये वाचलं असेल, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते.

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२चा. गाव देशवंडी, तालुका सिन्नर, जिल्हा नाशिक. शाळा नशिबात नव्हती. पोटासाठी मुंबईत आले आणि मिळेल ते काम केलं. गिरणीत राबले, कोळशाच्या वखारीत राबले, खडी फोडली, चिक्की विकली. समता सैनिक दलात गेले. लिहिता-वाचता येत नसल्याची लाज त्यांना मोठेपणी टोचली आणि मोठेपणीच त्यांनी बाराखडी गिरवली. दुकानांवरच्या पाट्या वाचत त्यांनी सराव केला, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. १९४३ साली पहिलं गाणं रचलं, तेही एका हिंदी सिनेमातल्या गाण्याच्या चालीवर. पुढची साठ वर्षं ते गात आणि लिहीत राहिले. ‘सांगत्ये ऐका’ या १९५९च्या गाजलेल्या चित्रपटासाठीही त्यांनी गाणं लिहिलं. ‘वाटचाल’, ‘मोहळ’, ‘हे गीत वामनाचे’ हे त्यांचे संग्रह आणि ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे आत्मकथन. १५ मे २००४ला ते गेले.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्या माणसाला अक्षरं उशिरा भेटली, त्यानं अशा माणसांसाठी लिहिलं ज्यांच्यापैकी अनेकांना ती कधीच भेटणार नव्हती. त्यामुळे गाणं कागदावर कसं दिसतं याला फारसा अर्थ नव्हता. ते एकदा ऐकल्यावर किती लक्षात राहतं, दुसऱ्या दिवशी खडी फोडताना ओठावर येतं का, आणि तिसऱ्या दिवशी शेजारणीला शिकवता येतं का, एवढीच कसोटी होती. आपण ज्याला ‘साधी रचना’ म्हणतो ती या कसोटीतून उतरलेली असते.

ही वाट त्यांच्या आधीपासूनची. सत्यशोधकांचे जलसे होते, मग आंबेडकरी जलसे आले, भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी खेड्यापाड्यांत चळवळ गाण्यातून नेली. आपल्या दहा भाषणांचं काम एक जलसा करतो, अशा अर्थाचं बाबासाहेब बोलल्याची आठवण आजही प्रत्येक कार्यक्रमात सांगितली जाते. त्या रात्रीही दोन वक्त्यांनी ती सांगितली. गंमत म्हणजे ती सांगताना त्यांनी स्वतःची भाषणं काही आवरती घेतली नाहीत.

झील, चाल, नाव

आता मुद्द्याचा प्रश्न. दहाच्या आधी आणि दहाच्या नंतर गाणी बऱ्याच अंशी तीच होती. गळे दहाच्या आधीचे अधिक चांगले होते. तरी नंतरचं गाणं अंगावर का आलं?

‘वातावरणच तसं होतं’ हे उत्तर सोपं आहे, पण आळशी आहे. उत्तर गाण्यांच्या बांधणीत आहे.

पहिली गोष्ट ध्रुवपद. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी उभे असतात. शाहीर ओळ सोडतो, झीलकरी ती उचलतात, आणि तेवढ्यात शाहीर श्वास घेऊन पुढच्या ओळीची तयारी करतो. भीमगीतातही तसंच. कडवं एकाचं, ध्रुवपद सगळ्यांचं. म्हणजे गाणं रचतानाच रचणाऱ्यानं लोकांसाठी जागा राखून ठेवलेली असते. ती जागा भरली तरच गाणं पुरं होतं.

पार्टीच्या कार्यक्रमात ती जागा कोरसनं भरली होती. दोन माइक, वर ऑक्टोपॅडचा ठोका. आवाज इतका मोठा की शेजारची बाई गुणगुणत असली तरी ऐकू येऊ नये. मग आम्हाला करायला उरलं काय? टाळ्या वाजवणं आणि व्हिडिओ काढणं. पार्टीचा यात दोष नाही. ते पोटासाठी गातात, त्यांना पूर्ण गाणं द्यावंच लागतं. पण दहाला कोरस टेम्पोत बसून गेला आणि ध्रुवपदाची जागा मोकळी झाली. माणसं तिच्यात शिरली.

दुसरी गोष्ट चाल. भीमगीतांवर सगळ्यात जुना आक्षेप म्हणजे ‘चाली उचललेल्या असतात’. असतात. वामनदादांनी पहिलंच गाणं उसन्या चालीवर लिहिलं हे वर आलंच. पण ज्याला लोकांच्या तोंडी गाणं द्यायचं आहे त्याच्या दृष्टीनं लोकांना आधीच पाठ असलेली चाल म्हणजे मळलेली पायवाट. नवी चाल शिकवायला तालीम लागते, तालमीला वेळ लागतो, आणि दिवसभर राबून आलेल्या माणसाकडे वेळच नसतो. त्या रात्री एक पोरगा, असेल दहावी-अकरावीतला, प्रत्येक गाण्याचे शब्द चुकत होता पण चाल एकदाही चुकला नाही. तिसऱ्या कडव्यापर्यंत शब्दही त्याच्याकडे आले. चाल आधी पोचते आणि मग शब्दांना आत घेते, हे मी समोर बघितलं.

तिसरी गोष्ट नाव. ही माझ्या आधी लक्षात आली नव्हती. वामनदादांच्या अनेक गाण्यांत शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव येतं. ही नाममुद्रा आपल्याकडे जुनी आहे. तुकोबांची आहे, चोखोबांची आहे, शाहिरांची आहे. वर्गात शिकवताना हिला कवीची सही म्हणतात. सही एकाचीच असते, ती दुसऱ्यानं केली तर खोटी. इथे नेमकं उलटं घडतं. चाळीस माणसं एका सुरात ‘वामन’ म्हणतात तेव्हा प्रत्येक जण तेवढ्यापुरता वामन होऊन बोलतो. आजी वामन, तो दहावीतला पोरगा वामन, ढोलकीवाला मामा वामन.

हार, तसबीर, भाषण यांनी गेलेल्या माणसाला आपण समोर बसवतो. नाममुद्रेनं तो आपल्या तोंडात येतो. वामनदादांनी स्वतःच्या स्मृतिदिनाची सोय गाण्यातच करून ठेवली होती असं म्हटलं तरी चालेल. सत्कारांनी भरलेल्या पहिल्या सव्वा तासाची गरज त्यामुळे आणखीच कमी वाटते.

धरणाच्या काठावर

साडेअकराच्या सुमारास ते गाणं आलं. देशातल्या बड्या भांडवलदारांची नावं घेऊन, संपत्तीचा साठा कुणाकडे आहे आणि त्यातला आमचा वाटा कुठे आहे असं विचारणारं. बिर्ला, बाटा आणि टाटा अशी तीन नावं त्यात येतात. तुम्ही ते ऐकलं असेल. कॉलेजच्या आंदोलनात, मोर्चात, यूट्यूबवर. मी तर अनेकदा ऐकलं आहे. पुण्याच्या एका सभागृहात ऐकलं तेव्हा तीन नावांचा खटकेबाज यमक म्हणून लोक हसले होते, मीही हसले होते.

इथे ‘टाटा’ या शब्दावर कुणी हसलं नाही.

कारण मुळशीत तो शब्द यमकासाठी येत नाही. मुळशी म्हटलं की आपल्याला ताम्हिणीचे धबधबे आठवतात, तलावाकाठची रिसॉर्टं आठवतात, फार तर ‘मुळशी पॅटर्न’. तो तलाव म्हणजे टाटांचं धरण. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवायचं, बोगद्यातून ते कोकणात भिऱ्याला खाली सोडायचं, त्या उतारावर वीज करायची आणि ती मुंबईला द्यायची, अशी योजना. त्यासाठी मुळा-निळा खोऱ्यातल्या पन्नासच्या आसपास गावांची जमीन जाणार होती. आंबेमोहर पिकवणारी भातखाचरं होती ती. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी तिथे सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यात ‘सेनापती’ झाले. बाया तुरुंगात गेल्या, बापे गेले. धरण तरीही झालं. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर पुस्तक लिहिलं आहे. धरणाविरुद्धचं जगातलं हे पहिलं आंदोलन, अशी त्याची इंग्रजी आवृत्ती ओळख करून देते.

व्होरांच्या मांडणीतला एक धागा या गाण्याशी थेट जुळतो. खोऱ्यातल्या पुष्कळ जमिनी सावकारांकडे गेलेल्या होत्या. मोबदला म्हटल्यावर सावकारांचं आणि कसणाऱ्यांचं हित वेगळं झालं. कागदावर नाव असेल त्याला पैसे. जो कसत होता पण कागदावर नव्हता, त्याचा वाटा मोजायचा कसा? आणि ज्याच्याकडे कसायलाही स्वतःचं काही नव्हतं, जो गावकीच्या कामावर आणि दुसऱ्याच्या खळ्यावर जगत होता, त्याचं काय बुडालं हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

वामनदादांनी हे गाणं मुळशीसाठी लिहिलं असं मी म्हणत नाही. त्यांचा प्रश्न साऱ्या देशाच्या संपत्तीविषयी आहे. पण ते स्वतः मुंबईच्या गिरणीत राबलेले होते, आणि मुंबईच्या गिरण्या ज्या विजेवर फिरल्या त्यात सह्याद्रीतल्या अशा धरणांच्या विजेचा मोठा वाटा होता. डोंगरावर ज्यांची खाचरं गेली ते आणि खाली गिरणीत ज्यांचा घाम गेला ते एकाच तारेच्या दोन टोकांना उभे होते. पुण्याच्या सभागृहात हे गाणं मला घोषणेसारखं वाटलं होतं. इथे ते वसुलीच्या चिठ्ठीसारखं ऐकू आलं. त्यावर पत्ता होता.

गाण्याची समीक्षा करताना आपण शब्द, चाल, गळा बघतो. ते कुठे गायलं गेलं, हे बातमीत जातं. मला आता वाटतं, या प्रकारच्या गाण्याबाबत जागा हा रचनेचाच भाग आहे. शाहीर गाणं अर्धं लिहितो. उरलेलं अर्धं, ते जिथे गायलं जातं तिथली माणसं पुरं करतात.

सगळ्यांचं झालेलं गाणं

इथे एक धोकाही आहे, तो दुसऱ्या एका गाण्यावरून सांगते. शाळेत १५ ऑगस्टला आपण सगळ्यांनी ‘हम होंगे कामयाब’ म्हटलेलं आहे. गिरिजाकुमार माथुर यांनी केलेलं ते हिंदी रूप. मूळ गाणं अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमधून आलं. १९४५-४६ साली चार्ल्स्टनच्या तंबाखू कारखान्यातल्या कामगारांनी ते संपात गायलं. तिथून ते पीट सीगर यांच्यासारख्या गायकांपर्यंत आणि पुढे नागरी हक्कांच्या लढ्यापर्यंत पोचलं. सीगर २०१४ साली वारले. गाण्याच्या कार्यक्रमात श्रोत्यांना गायला लावण्यात त्यांचा हात धरणारा नव्हता. पुढची ओळ आधी बोलून सांगायची, मग सगळ्यांकडून गाऊन घ्यायची, ही त्यांची पद्धत.

ते गाणं जगभर गेलं. पण आपल्या शाळेच्या मैदानावर ते कुणाविरुद्धही नव्हतं. संस्थाचालक, प्रमुख पाहुणे, शिपाई, सगळे एकाच उत्साहानं म्हणत होते. एखादं गाणं सगळ्यांचं होतं तेव्हा त्यातला प्रश्न कुणालाच विचारलेला नसतो. सामूहिक गायनाची ही दुखरी बाजू आहे. एकत्र गायलं की बरं वाटतं, आणि बरं वाटलं की काम झालं असंही वाटतं.

वामनदादांच्या गाण्यांचंही हे होऊ शकतं, होतही आहे. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर वाजणारी, वाढदिवसाच्या स्टेटसला लागणारी त्यांची गाणी बहुतेक गौरवाची असतात. तीही हवीत. ज्यांना शतकानुशतकं मान खाली घालायला लावली त्यांनी छाती काढून नाचावं, यात मला काही वावगं दिसत नाही. पण वामनदादांनी आपल्याच माणसांना टोचणारंही लिहिलं आहे. बाबासाहेबांच्या विचाराची अवघी पाच माणसं खरी निघाली असती तर चित्र वेगळं असतं, अशी खंत मांडणारं त्यांचं गाणं प्रसिद्ध आहे. बाबासाहेबांच्या माघारी चळवळीत जी फाटाफूट झाली तिच्यावर ते बोट ठेवतं.

दहाच्या आधी पार्टीनं ते घेतलं नाही. समोर वेगवेगळ्या गटांचे कार्यकर्ते शाल पांघरून बसले होते, त्यामुळे कदाचित बरोबरच केलं. दहानंतर मात्र ते आलं, आणि ते गाताना आवाज आपोआप खाली उतरला. टाळ्या थांबल्या. संयोजकांपैकी दोघं-तिघं खुर्च्या रचता रचता थांबले आणि तिथेच उभे राहून गायले. एकत्र गाणं म्हणजे नेहमी जोर चढणं असं नव्हे. कधी कधी आपण सगळे मिळून एका गोष्टीची कबुलीही देतो. त्या रात्रीची मला सगळ्यात मोलाची वाटलेली चार मिनिटं हीच.

बायकांची सतरंजी

आता जे खटकलं ते.

दहाच्या आधी स्टेजवर एकही बाई नव्हती. दहानंतर गाण्याची सुरुवात बाईनं केली, ध्रुवपदं बायकांनी पेलली, पण कुठलं गाणं पुढे घ्यायचं हे पुढच्या सतरंजीवरचे पुरुष ठरवत गेले. ढोलकी त्यांच्याकडे होती म्हणून असेल. आजीनं दोनदा काहीतरी सुचवलं, दोन्ही वेळा ते ढोलकीत बुडालं.

मध्ये चहा झाला तेव्हा ती स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती. भीमगीतासारखी तिची चाल नव्हती. संथ, एकाच वळणानं फिरणारी होती. मी विचारलं, ‘आजी, हे काय म्हणताय?’

‘ही जात्यावरली. भीमरायाचीच हाये. पण हितं न्हाय म्हणत असलं,’ ती म्हणाली आणि हसली.

मुळशीत हे वाक्य ऐकणं माझ्यासाठी सोपं नव्हतं. कारण जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह आज आपल्याकडे आहे, एक लाखाहून अधिक ओव्यांचा, त्याची मुळं याच डोंगरात आहेत. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या दोघांनी पुण्यातून येऊन इथल्या गरीब डोंगरी संघटनेच्या कामातून बायकांशी नातं जोडलं, आणि त्या बायकांच्या मदतीनं ओव्या गोळा केल्या. पुढे हे काम महाराष्ट्रभर पसरलं. २०१७पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर या ओव्या आवाजासकट ऐकायला मिळतात. त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. कुणाही कवीची वाट न बघता बायकांनी पहाटे दळताना स्वतः रचलेल्या.

ओवी हेही सामूहिक गाणंच आहे. जात्याला दोघी बसल्या की एक ओळ सोडते, दुसरी उचलते. झीलकऱ्यांची गरज नाही, कारण दोघीही एकमेकींच्या झीलकरी. फरक एवढाच की ओवीला नाममुद्रा नसते. रचणारीचं नाव कुठेच राहत नाही. वामनदादांच्या गाण्यात चाळीस माणसं वामन होऊ शकतात. आजीच्या ओवीत आजी कुणाला म्हणायचं? गावात पिठाची गिरणी आली, जाती अंगणात उलटी पडली, आणि ओवीची म्हणायची जागाच गेली. वामनदादांच्या गाण्याला मांडव आहे, स्मृतिदिन आहे. ओवीला यातलं काहीच नाही. म्हणून ती ‘हितं न्हाय म्हणत’.

ज्या कवीला अक्षरं उशिरा मिळाली त्याच्या स्मरणाच्या रात्री, ज्यांना अक्षरं मिळालीच नाहीत त्या कवयित्रींना जागा नसावी, ही त्या रात्रीची सगळ्यात मोठी उणीव. ती भरून काढायला वेगळ्या निधीची गरज नाही. दोन सत्कार कमी केले तरी पुष्कळ होईल.

माझा आवाज

माझ्या फोनमध्ये त्या रात्रीचं एक रेकॉर्डिंग आहे. वाट्याचा प्रश्न विचारणारं तेच गाणं. परत आल्यावर मी ते बऱ्याचदा ऐकलं. आजीचा आवाज ओळखू येतो, मैत्रिणीचा येतो, त्या पोराचा येतो. मागे कुत्रं भुंकतं तेही ऐकू येतं. माझा आवाज त्यात नाही.

फोन धरला होता म्हणून गायले नाही, असं मी आधी स्वतःला सांगितलं. ते पूर्ण खरं नाही. मला शब्द येत होते. हात मोकळा असता तरी मी अडखळले असते. मी राहते ती सोसायटी हिंजवडीच्या बाजूला आहे, म्हणजे याच तालुक्यात, कुणाच्या तरी भातखाचरावर. माझ्या घरात सात पिढ्या अक्षरं होती. ‘आमचा वाटा कुठंय’ हा प्रश्न मी नेमका कुणाला विचारणार होते? त्या ओळीत मी विचारणाऱ्यांत बसते की ज्यांना विचारलं जातंय त्यांच्यात?

पार्टी गात होती तोवर हा प्रश्न मला पडला नव्हता. ऐकणाऱ्याला तो पडतच नाही. ऐकताना आपण सगळ्यांच्या बाजूनं असतो. गायला तोंड उघडावं लागतं तेव्हा कळतं की शब्द आपल्या तोंडात बसतायत की नाही. मला वाटतं, एकत्र गाण्याच्या रात्रीचा खरा उपयोग हाच. ती प्रत्येकाला त्याची जागा दाखवते. कुणाला ती वामनच्या नावात मिळते, कुणाला ध्रुवपदात, आणि माझ्यासारखीला ध्रुवपदाच्या अलीकडे थोडा वेळ गप्प बसून.

निघताना आजीनं विचारलं, ‘पुढल्या साली येनार न्हवं?’ मी म्हटलं, येते, पण तुम्ही ती जात्यावरची म्हणणार असाल तर. ती म्हणाली, ‘एकटीनं न्हाय व्हत ती. दुसरी बसाय लागती समोर.’

ओवी शिकायला माझ्याकडे वर्ष आहे.